मोजदाद

सोव्हिएत संघात 6 जानेवारी 1937 या एका दिवसात अख्ख्या देशाची जनगणना उरकली. दहा लाखांच्या वर प्रगणक होते. प्रश्नावली स्वतः स्तालिनच्या नजरेखालून गेली होती आणि धर्माचा रकाना त्यानेच घालायला लावला, असं इतिहासकार सांगतात. वीस वर्षांच्या नास्तिक शाळांनी आणि कुलपं लावलेल्या चर्च-मशिदींनी काय कमावलं, याचा पुरावा त्याला हवा असावा. तर सोळा वर्षांवरच्या दर शंभरातल्या जवळजवळ 57 जणांनी सरकारी माणसासमोर, सरकारी कागदावर, "आमचा देवावर विश्वास आहे" असं लिहून दिलं. तेही 1937 साली, जेव्हा त्याहून किरकोळ कारणांवरून माणूस गायब होत होता. पण ही झाली बाजूची गोष्ट. खरा घोळ झाला तो बेरजेत.

1934 च्या पक्ष अधिवेशनात स्तालिनने देशाची लोकसंख्या 16 कोटी 80 लाख असल्याचं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी तो म्हणाला की आता आपल्याकडे दरवर्षी एका फिनलंडएवढी माणसं वाढतात. त्या हिशेबाने 1937 चा आकडा 17 कोटींच्या बराच पुढे जायला हवा होता. आला 16 कोटी 20 लाख.

जनगणना विभागाचा प्रमुख ओलिंपी क्वित्किन हा मुरलेला संख्याशास्त्रज्ञ. त्याला आणि त्याचा वरिष्ठ इवान क्रावाल याला अटक झाली आणि त्याच वर्षी दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या हाताखालच्या मिखाईल कुर्माननं मार्चमध्ये एक टिपण लिहून ठेवलं होतं. कमी भरलेली माणसं कुठे गेली असावीत याचा त्यात हिशेब होता, आणि अनेक भागांत मृत्यूंची नोंदच झालेली नाही हे त्यात सरळ लिहिलं होतं. त्याची रवानगी श्रमछावणीत झाली; तो वाचला हे नशीब. सप्टेंबरात सरकारने जाहीर केलं की जनगणना सदोष आहे, संख्याशास्त्राचे प्राथमिक नियमसुद्धा पाळलेले नाहीत. कागद तिजोरीत गेले ते थेट सोव्हिएत संघाच्या शेवटच्या वर्षांत बाहेर आले. जानेवारी 1939 मध्ये नवी जनगणना झाली. तिची पुरती छाननी व्हायच्या आधीच, मार्चच्या अधिवेशनात, स्तालिनने 17 कोटी हा आकडा सांगून टाकला. मग छाननीत दुसरं काय निघणार होतं?

मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. जनगणनेची ड्युटी आमच्या पाचवीलाच पुजलेली. घरयादी करायची, मग फेब्रुवारीत दारोदार फिरायचं, 28 तारखेच्या रात्री बेघरांची मोजणी. हिंदमाताच्या पुलाखाली एक बाई झोपलेल्या पोराला उठवू देईना. "त्याचं नाव लिवा, पन उठवू नका," म्हणाली. मी वय विचारलं तर म्हणाली, "तुमीच बगा आन लिवा." टॉर्चच्या उजेडात मी त्याच्या तोंडाकडे बघून सहा लिहिलं. आता कुणी म्हणेल, यात काय एवढं. पण 1939 सालच्या त्या प्रगणकांचा विचार मनात आला की मला ती रात्र आठवते. आपण काय लिहायचं ते आधीच ठरलंय, हे ठाऊक असलेला माणूस दार वाजवतो तेव्हा समोरच्या घरात किती जण आहेत याकडे तो बघत तरी असेल का?

1932-33 च्या दुष्काळात सोव्हिएत संघात किती माणसं मेली यावर आजही मतभेद आहेत. साधारण 55 लाख ते 87 लाख यांच्या दरम्यान अंदाज फिरतात. त्यांपैकी 35 लाखांहून जास्त युक्रेनमध्ये. कझाकस्तानात सुमारे 15 लाख, आणि तिथल्या कझाक समाजाच्या मानाने हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. युक्रेनबद्दल निदान बोललं जातं. कझाक लोक मात्र वादविवादात कधी येतच नाहीत. गुरं-मेंढरं घेऊन ऋतूप्रमाणे हिंडणारी ही माणसं. त्यांना एका जागी बसवायचं, सामुदायिक शेतीत ओढायचं आणि मांसाचा कोटा वसूल करायचा, असं मॉस्कोत ठरलं. जनावरं गेली. कळप नाही तर दूध नाही, दूध नाही तर खायला काहीच नाही, कारण त्या गवताळ माळावर दुसरं काही पिकवण्याची रीतच नव्हती. लाखो माणसं चीनकडे आणि शेजारच्या प्रांतांत पळाली.

युक्रेनमध्ये पाऊस अगदीच दगा देऊन गेला होता असं नाही. वसुलीचा कोटा गावाच्या पिकाच्या डोईवर गेला होता. 7 ऑगस्ट 1932 चा कायदा असा की सामुदायिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी, सवलत मिळाली तर दहा वर्षं तुरुंग. कापणी झालेल्या शेतात राहिलेली कणसं वेचणारी बाई या कायद्यात बसत होती. ज्यानं बालपणी सुगीनंतर शेतात सर्वा वेचला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जानेवारी 1933 मध्ये हुकूम निघाला की युक्रेन आणि त्याला लागून असलेल्या रशियातल्या कुबानमधल्या शेतकऱ्यांना बाहेर जाऊ द्यायचं नाही, रेल्वेचं तिकीट द्यायचं नाही. आणि या सगळ्या काळात धान्याची निर्यात चालूच होती. यंत्रं विकत घ्यायला परकीय चलन हवं होतं.

हे सगळं माझ्या घरात बोलणं सोपं नाही. माझे चुलते, नानाकाका, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तरुणपणी दळवी बिल्डिंगमध्ये, म्हणजे लाल बावट्याच्या कचेरीत, त्यांचं रोजचं जाणं-येणं. 1970 च्या जूनमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला तेव्हा ते रात्रभर घरी आले नव्हते. 82 च्या संपानंतर गिरणी गेली, डोंबिवलीला आले, पण लाल बावटा सुटला नाही. लहानपणी आमच्या पुस्तकांना कव्हरं 'सोव्हिएत देश'च्या गुळगुळीत पानांची असत. भूगोलाच्या पुस्तकावर ट्रॅक्टरवर बसलेली गालांवर लाली असलेली मुलगी होती, आणि मला कित्येक वर्षं वाटत होतं की रशियात सगळ्याच बायका ट्रॅक्टर चालवतात.

माझा भाचा पुण्यात आयटीत. गणपतीत सगळे जमले की आरतीनंतर मोदक संपायच्या आत तो नानाकाकांना डिवचतोच. "आजोबा, कम्युनिझमनं दहा कोटी मारले. दहा कोटी!" नानाकाकांचं उत्तर ठरलेलं. "आणि तुझ्या भांडवलशाहीनं? बंगालच्या दुष्काळात तीस लाख गेले, ते कुणी मारले रे? तुझ्या कंपनीच्या मालकांनी मोजलेत का?" मग दोघं एकमेकांवर प्रेतं फेकत राहतात. हिरोशिमा आलं, काँगोतला रबर आला, पोल पॉट आला, व्हिएतनाम आलं.

या 'दहा कोटी'चं मूळ 1997 साली फ्रान्समध्ये निघालेल्या एका जाडजूड ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. त्याच ग्रंथातल्या दोन प्रमुख लेखकांनी त्या प्रस्तावनेशी जाहीर मतभेद नोंदवले. बेरीज ताणलेली आहे आणि दुष्काळ, युद्ध, फाशी हे सगळं एकाच पोत्यात भरलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या एकानं स्वतःच्या प्रकरणात सोव्हिएत दडपशाहीचा जो तपशील दिलाय तो वाचून कुणालाही घाम फुटेल, आणि तरी त्याला गोल आकडा नको होता. मला हे फार पटतं. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "मावशी, आठ कोटी असले तर चालतील का?" चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नाही. गोल आकडा ही फेकायची वस्तू आहे. ती फेकली की पुढे कुणी काही विचारत नाही.

विचारायचं असतं ते हे, की हे घडवतात कसं? स्तालिनच्या गुप्त पोलिसांचा 30 जुलै 1937 चा 00447 क्रमांकाचा हुकूम बघा. प्रांतागणिक तक्ता आहे. दोन रकाने. पहिल्या वर्गात गोळी, दुसऱ्यात आठ ते दहा वर्षांची छावणी. मॉस्को प्रांताला पहिल्या वर्गात 5,000, दुसऱ्यात 30,000. लेनिनग्राडला 4,000 आणि 10,000. नावं नाहीत, फक्त संख्या. नावं स्थानिक पोलिसांनी भरायची. आणि प्रांतांनी काय केलं, तर वाढीव कोटा मागितला. वर्षअखेरीला खर्च न झालेला निधी परत जाऊ नये म्हणून आपल्याकडे कार्यालयं जशी रस्ते उकरतात, तसा उत्साह. 1937 आणि 38 या दोन वर्षांत राजकीय गुन्ह्यांखाली 6,81,692 जणांना गोळ्या घातल्याचा आकडा त्यांच्याच गुप्त पोलिसांच्या दप्तरात मिळाला. मारलेल्यांची मोजदाद अचूक होती बरं का. लपवली ती उपासमारीने मेलेल्यांची.

या लाखांमध्ये तीन भारतीय आहेत आणि एकाचा धागा थेट आपल्या वर्ध्यापर्यंत येतो.

1921 साली बर्लिनहून काही भारतीय क्रांतिकारक मॉस्कोला गेले. भारतात क्रांती कशी व्हावी यावर तिघांनी मिळून एक निवेदन दिलं. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, गुलाम अंबिया खान लुहानी आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. वीरेंद्रनाथ, म्हणजे सगळ्यांचे 'चट्टो', हे सरोजिनी नायडूंचे भाऊ. नेहरूंनी आत्मचरित्रात त्यांच्याबद्दल आपुलकीनं लिहिलं आहे. निवेदनाचं फारसं काही झालं नाही. खानखोजे पुढे मेक्सिकोला गेले, शेतीशास्त्र शिकवू लागले, मक्याच्या सुधारित जाती काढत बसले. दिएगो रिव्हेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर भारतात परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. चट्टो रशियात गेले. लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करत होते. जुलै 1937 मध्ये अटक, 2 सप्टेंबरला गोळी. लुहानींना 1938 मध्ये. गोळ्या घातलेल्यांतले तिसरे अवनी मुखर्जी, ताश्कंदला 1920 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी एक. त्यांना ऑक्टोबर 1937 मध्ये. निवेदनाच्या त्या कागदावर तीन सह्या, आणि त्यातला वाचला तो मक्याच्या नादी लागलेला.

चट्टोंची बहीण सुहासिनी मुंबईत होती. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची पहिली स्त्री सभासद म्हणून तिचं नाव घेतात. मॉस्कोत शिकून आलेली, पुढे जांभेकर नावाच्या कॉम्रेडशी लग्न करून मुंबईकर झालेली. भावाला ज्या राज्यानं मारलं त्या राज्याच्या मैत्रीचा झेंडा तिच्या पक्षाच्या खांद्यावर होता. चट्टोंना मरणोत्तर निर्दोष ठरवलं गेलं ते स्तालिन गेल्यानंतर. त्या घरात या विषयावर काय बोलणं होत असेल, की होतच नसेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. पक्षाच्या सभांत मात्र या तिघांच्या नावाने कुणी घोषणा दिली नाही. चट्टोंना इंग्रजांनी मारलं असतं तर परळला त्यांच्या नावाचा चौक असता.

हे मी नानाकाकांना एकदा सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "स्तालिन माणूस खराब होता. विचार खराब नव्हता." हे उत्तर मी आधीही ऐकलंय, सगळ्यांनीच ऐकलंय. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि का ते सांगते. क्वित्किनला मारायला स्तालिन लागला असेल. पण क्वित्किनचा आकडा दुसऱ्या दिवशी छापेल असं एकही वर्तमानपत्र नव्हतं, त्याच्या बाजूनं उभा राहील असा वकील नव्हता, सभागृहात उठून विचारील असा विरोधी सभासद नव्हता. हे सगळं स्तालिनच्या आधी, लेनिनच्या हयातीतच मोडून झालं होतं. आणि मोडलं ते चुकून नव्हे. इतिहास कुठे चाललाय ते पक्षाला ठाऊक आहे, त्यामुळे पक्षाला विचारणारा तो इतिहासाच्या वाटेत आडवा येणारा, ही समजूत त्या विचाराच्या पोटातच होती. म्हणून मी विचाराला सोडत नाही.

चीनमध्ये तेच झालं, आणखी मोठ्या मापावर. 1959 ते 61. दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत. 1959 च्या उन्हाळ्यात लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी माओला खासगी पत्र लिहून सांगितलं की खालून येणारे पिकाचे आकडे फुगवलेले आहेत. पंग गेले पदावरून, आणि त्यानंतर कुणी आकड्यांबद्दल ब्र काढला नाही. दुष्काळाचा सगळ्यात वाईट काळ पंग यांना काढल्यानंतरचा आहे. 1962 मध्ये ल्यू शावची यांनी शेतकऱ्यांचं म्हणणं म्हणून सांगितलं की यात तीन हिस्से निसर्गाचे आणि सात हिस्से माणसाचे. ते राष्ट्राध्यक्ष होते. सांस्कृतिक क्रांतीत तेही कैदेत मेले. 1964 मध्ये जनगणना झाली, पण तिचे आकडे जगाला मिळायला 1980 चं दशक उजाडलं. मग 1982 ची जनगणना आली आणि लोकसंख्याशास्त्रज्ञांनी वयोगटांचे तक्ते शेजारी ठेवले तेव्हा त्यात एक भलंमोठं भगदाड दिसलं. जन्माला यायला हवी होती ती मुलं नव्हती.

तर माझं म्हणणं मी नानाकाकांपुढे असं मांडलं: विचारसरणी काय वचन देते ते सोडा. तिच्या राज्यात मेलेल्यांची गणती करायची मुभा कुणाला आहे, ते बघा.

आणि इथे म्हाताऱ्यानं मला बरोबर पकडलं.

"जनगणना तुला कुणी दिली? इंग्रजानंच ना? 1876 च्या दुष्काळात त्यानं मोजून-मापून मारलं. सर रिचर्ड टेंपल. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक रतल धान्य. मापून! छावणीत सुद्धा एवढं मापून देत नसतील."

खरं आहे. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनवर आणि दक्षिणेवर पडला. दुष्काळी कामांवर देखरेखीला सरकारनं नेमलेल्या टेंपलनं खर्च वाचवायला मजुरी उतरवली आणि कष्टाच्या कामावरच्या माणसाला जगता येणार नाही इतकी ती कमी होती. म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या 1871 मध्ये 50 लाखांवर होती, 1881 मध्ये ती 42 लाखांच्या खाली आली. हे इंग्रज सरकारनंच छापलं, लपवलं नाही. लपवलं नाही म्हणून कोण जगलं?

पण मग मी त्यांना विचारलं, "टेंपलची मजुरी तुम्हाला कशी ठाऊक, नाना?" तर ते म्हणाले, "सार्वजनिक सभेमुळे." आणि बोलता बोलता थांबले.

1870 मध्ये पुण्यात स्थापन झालेली सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे. त्या दुष्काळात सभेनं गावोगावची माहिती गोळा केली. कुठे काय भाव, कुठल्या कामावर किती माणसं, किती जण मेले. अर्जामागून अर्ज सरकारला पाठवले. 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी टेंपलच्या मजुरीविरुद्ध दुष्काळी कामं सोडली, आणि सभेनं त्यांची बाजू लावून धरली. गिरणी संपाच्या कितीतरी आधीचा हा संप. त्याची एक ओळ आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हती. परक्या राज्यात, जिथे मत द्यायचा अधिकार नव्हता, तिथे एक खासगी संस्था सरकारच्या बेरजेसमोर आपली बेरीज ठेवत होती. सभेला त्यात यश किती आलं? फार नाही. पण 1880 चा दुष्काळ आयोग आणि त्यानंतरचे दुष्काळ-नियम यांच्यामागे त्या काळच्या ओरड्याचा हात होता.

म्हणून माझं वाक्य मी दुरुस्त केलं नाही, थोडं पुढे नेलं. सरकारनं मोजणं पुरत नाही. सरकारच्या बाहेरच्या कुणीतरी मोजलं पाहिजे, आणि मोजून घरी सुखरूप परतलं पाहिजे.

बंगालचंच घ्या, कारण नानाकाकांचा तो हुकमी एक्का आहे. 1943 मध्ये इंग्रजांनी बातम्यांवर नियंत्रण ठेवलं होतं. तरीही ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नं रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. इंग्रज मालकीचं वर्तमानपत्र, इंग्रज संपादक. आणि तो दुष्काळ गावोगाव फिरून टिपला कुणी? कम्युनिस्टांनी. चित्तप्रसादांची रेखाचित्रं, सुनील जाना यांची छायाचित्रं. चित्तप्रसादांची पुस्तिका सरकारनं जप्त करून जाळली. ते पुढे मुंबईत अंधेरीला येऊन राहिले. त्यांच्याच पक्षाच्या स्वर्गात दहा वर्षांपूर्वी असा कुणी चित्रकार युक्रेनच्या गावात कागद-पेन्सिल घेऊन हिंडला असता तर पुस्तिकेआधी तो जळाला असता. हे मी बोलले तेव्हा नानाकाकांनी मान हलवली. होकारार्थी होती की नुसतीच, मला कळलं नाही.

1972 चा दुष्काळ मात्र त्यांनी आणि मी दोघांनी पाहिला आहे. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, आणि मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. पीक मोठ्या भागात पार बुडालं होतं. तरी युक्रेन झालं नाही, बंगालही झालं नाही. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं यावर प्रत्येक पक्षाची वेगळी गोष्ट आहे. मला आठवतात त्या लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका. आघाडीला मृणालताई गोरे, आणि त्यांच्या बरोबरीने अहिल्याताई रांगणेकर. मृणालताई समाजवादी. अहिल्याताई मार्क्सवादी कम्युनिस्ट, पक्क्या. पक्षाच्या दिवाणखान्यात स्तालिनची तसबीर असण्याचा तो काळ, आणि तरी त्यांच्या मोर्च्यानं मंत्र्यांना घाम फुटायचा. सरकार बधिर झालं की त्याच्या कानाशी थाळी बडवायची, ही विद्या आपल्याकडे कम्युनिस्टांइतकी फार थोड्यांना आली. ज्या देशांत त्यांचं राज्य आलं तिथे त्यांनी आधी थाळ्याच जप्त केल्या.

भाच्याला हे विशेष आवडलं नाही. त्याला एक बाजू हवी असते. तो म्हणतो विचारसरणीच कालबाह्य झाल्या, आता फक्त कारभार चांगला हवा. कारभाराची भाषा बोलणाऱ्यांचाही मला भरवसा नाही. रशियात आता कम्युनिझम नाही. चर्च उघडली आहेत, अब्जाधीश आहेत. तिथे 1989 पासून 'मेमोरियल' नावाची संस्था स्तालिनच्या बळींची नावं गोळा करत होती. एकेक नाव, जन्मसाल, पत्ता, गोळी घातल्याची तारीख. 28 डिसेंबर 2021 रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली. पुढच्या वर्षी तिला शांततेच्या नोबेलचा वाटा मिळाला, तो बंद दाराआडच. विचारसरणी गेली, पण मोजणाऱ्याची भीती गेली नाही.

आपल्याकडेही बघा. करोनाच्या दोन वर्षांत भारतात 47 लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 2022 मध्ये आला. त्या दोन वर्षांचा सरकारी आकडा 4 लाख 80 हजारांच्या आसपास होता. सरकारनं पद्धतीवर आक्षेप घेतला. पद्धतीवर आक्षेप घेण्यात काही गैर नाही, आणि संघटनेच्या गणितात कच्चे दुवे असतीलही. पण ज्या जनगणनेनं हा वाद बराचसा मिटला असता ती 2021 ची जनगणना पुढे-पुढे ढकलली गेली. फरक एवढा, आणि तो लहान नाही, की बातमीदार स्मशानांबाहेर उभं राहून चिता मोजत होते आणि दुसऱ्या दिवशी ते छापून येत होतं. हे म्हटल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, तू आता कुठल्याकुठे गेलीस." गेले खरी.

गडचिरोलीकडे मात्र दोघंही जात नाहीत. खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी मारलेले आदिवासी, त्यांचा कोण वाली? त्यांच्या नावानं मुंबईत मेणबत्त्या लागत नाहीत. आणि त्यांचं नाव पुढे करून उद्या वनहक्काचा अर्ज भरून देणाऱ्या पोरालाही नक्षली ठरवायचं, हेही चालू असतंच. पहिल्यावर नानाकाका गप्प बसतात, दुसऱ्यावर भाचा.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मार्क्सवादी कम्युनिस्टांच्या किसान सभेचा लाँग मार्च निघाला. हजारो आदिवासी शेतकरी, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या, साधारण 180 किलोमीटर पायी. दहावीची परीक्षा चालू होती. माझी पर्यवेक्षणाची ड्युटी होती, आणि सकाळी पेपरला पोरं पोचतील की नाही ही धास्ती. मोर्चेकरी शीवहून रात्रीतच चालून आझाद मैदानात गेले, पोरांचा खोळंबा होऊ नये म्हणून. रक्ताळलेल्या पायांचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. नानाकाका तेव्हा ऐंशीच्या घरात. टीव्हीसमोरून उठले नाहीत. भाच्याला फोन करून म्हणाले, "बघ, संपला म्हणतोस ना?"

भाचा म्हणाला, "आजोबा, ते मार्क्ससाठी नाही आले. जमिनीच्या पट्ट्यासाठी आले."

"मग मार्क्स कशासाठी होता?"

पुढे त्या दोघांचं पाऊण तास फोनवर चाललं. मागण्या सरकारनं लेखी मान्य केल्या. मार्च 2023 मध्ये मोर्चा दिंडोरीहून पुन्हा निघाला आणि वाशिंदला थांबला. वनपट्ट्यांची मागणी त्याही यादीत होती.